इस्किया की लिपारी? ज्वालामुखी बेटावरचा किल्ला आणि संग्रहालय निवडताना

इटलीच्या प्रवासात रोम, नेपल्स आणि पॉम्पेई पाहून झाल्यावर दोन-तीन दिवस हाताशी उरत असतील आणि ज्वालामुखी बेटावरचा एखादा जुना किल्ला व संग्रहालय निवांतपणे पाहायचे मनात असेल, तर इस्किया आणि लिपारी या दोन बेटांमध्ये निवड करावी लागते. दोन्ही बेटे इटलीच्या पश्चिमेच्या तिऱ्हेनियन समुद्रात आहेत आणि दोन्हींवरचे किल्ले लाव्ह्याच्या खडकावर उभे आहेत. सह्याद्रीतले आपले किल्लेही लाव्ह्याच्याच खडकावरचे. पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर इस्कियाचा शेवटचा उद्रेक १३०२ मधला, म्हणजे माणसांनी पाहिलेला आणि नोंदवून ठेवलेला आहे. या दोन बेटांतला मुख्य फरक असा की इस्कियाला जायचे ते किल्ल्यासाठी, आणि लिपारीला संग्रहालयासाठी.

इस्कियाचा अरागॉनी किल्ला ११३ मीटर उंचीच्या एका स्वतंत्र कातळावर आहे आणि तो मुख्य बेटाला दगडी पुलाने जोडलेला आहे. येथे पहिली तटबंदी इ.स.पू. ४७४ मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूज या ग्रीक नगराचा सत्ताधीश हायरो याने उभारली, असे परंपरा सांगते. आज दिसणारे रूप मात्र मुख्यतः १५व्या शतकात अरागॉनच्या (आजच्या स्पेनमधल्या राज्याच्या) आल्फोन्सो राजाने दिलेले आहे. कातळ पोखरून वर नेलेला बोगदाही त्याच्याच काळातला. १३०२ च्या उद्रेकानंतर बेटावरचे लोक याच कातळावर आसऱ्याला आले आणि पुढे येथे चर्च, मठ व घरे यांची दाट वस्ती झाली. कवयित्री व्हित्तोरिया कोलोन्ना यांचा विवाह १५०९ मध्ये येथल्याच कॅथेड्रलमध्ये झाला. १८०९ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी त्या कॅथेड्रलचे छत उडवले, आणि आज त्याच्या भिंतींवरचे उरलेसुरले नक्षीकाम उघड्या आकाशाखाली पाहायला मिळते.

या किल्ल्यातली एक जागा मात्र वेळ काढून पाहावी, ती म्हणजे क्लारिस्से या ख्रिस्ती पंथाच्या जोगिणींच्या मठाखालची दफनभूमी. ठेंगण्या, दमट खोल्यांच्या भिंतींलगत दगडी बैठका आहेत आणि प्रत्येक बैठकीच्या मधोमध भोक आहे. मृत जोगिणीला या बैठकीवर बसवत आणि देह हळूहळू झिजून गेल्यावर अस्थी गोळा करत. हयात जोगिणी रोज येथे येऊन मृत्यूचे चिंतन करत. तेथून गच्चीवर आल्यावर समोर दिसणारा निळा समुद्र पाहताना मन काही काळ गप्प होते. हा अनुभव लिपारीत नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

इस्कियाचे पिथेकुसाय संग्रहालय किल्ल्यात नसून बेटाच्या दुसऱ्या टोकाला लाक्को आमेनो गावातल्या व्हिला आर्बुस्तोत आहे. तिथवर बस जाते. इ.स.पू. ८व्या शतकात ग्रीक वसाहतकारांनी येथे वसवलेल्या पिथेकुसाय या गावाच्या वस्तू त्यात आहेत. संग्रह आटोपशीर आहे, परंतु त्यातल्या, होमरच्या काव्यातल्या नेस्टर राजाचे नाव कोरलेल्या पेल्यासाठी वाट वाकडी करावी. ओंजळीत मावेल एवढ्या मातीच्या या भांड्यावर उजवीकडून डावीकडे कोरलेल्या तीन ओळी आहेत आणि जो या पेल्यातून पिईल त्याला प्रेमदेवतेची ओढ लागेल, असा त्यांचा आशय आहे. ग्रीक लिपीतल्या जुन्यातल्या जुन्या लेखांपैकी हा एक आहे.

लिपारीत अंतराचा प्रश्न येत नाही, कारण किल्ल्याचा डोंगर, कॅथेड्रल आणि संग्रहालयाच्या इमारती सगळे एकाच आवारात आहेत. १५४४ मध्ये ऑटोमन तुर्कांचा आरमारप्रमुख बार्बारोसा याने हे शहर लुटून हजारो रहिवाशांना गुलाम म्हणून नेले आणि त्यानंतर तेव्हा येथे सत्ता असलेल्या स्पेनच्या सम्राट पाचव्या चार्ल्सने आजची भक्कम तटबंदी उभारली. किल्ला म्हणून पाहिला तर तो इस्कियाच्या तुलनेत साधा वाटतो. परंतु वाटेलगतच्या उघड्या उत्खननात वेगवेगळ्या काळांतल्या घरांचे पाये एकावर एक दिसतात, आणि त्या थरांत सापडलेल्या वस्तू काही पावलांवर दालनात मांडलेल्या आहेत. जागा आणि वस्तू यांचा असा मेळ क्वचितच पाहायला मिळतो.

लुईजी बेर्नाबो ब्रेआ आणि मादलेन काव्हालिए या दोघा पुरातत्त्वज्ञांनी उभ्या केलेल्या या संग्रहालयात ज्वालामुखी हा निव्वळ पार्श्वभूमीला राहत नाही. लिपारीच्या लाव्ह्यातून तयार झालेली ऑब्सिडियन ही काळी काच नवाश्मयुगात पात्यांसाठी दूरदूर जात असे आणि त्या व्यापारावरच हे बेट नांदले, हे येथे नीट समजते. थडग्यांतून मिळालेले ग्रीक नाटकांचे छोटे मातीचे मुखवटे तर प्रत्येक नाट्यप्रेमी मराठी माणसाने पाहावेत: खवट म्हातारा, चलाख नोकर, प्रेमात पडलेला तरुण, प्रत्येकाच्या भुवईचा बाक वेगळा आहे. बुडालेल्या जहाजांतून काढलेल्या मद्यकुंभांची उंच रचलेली रासही लहान मुलांना खिळवून ठेवते.

प्रवासाच्या सोयीत इस्किया स्पष्टपणे पुढे आहे. नेपल्सहून हायड्रोफॉइलने (वेगवान प्रवासी बोटीने) सुमारे तासाभरात पोहोचता येते, सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते आणि किल्ल्यात लिफ्ट असल्याने आई-वडिलांना बरोबर नेणे शक्य होते. तरी वरच्या उतारांवर थोडे चालावे लागतेच. लिपारीला जायचे तर सहसा आधी सिसिलीतले मिलात्सो बंदर गाठावे लागते आणि तेथून हायड्रोफॉइलने साधारण तासभर लागतो. समुद्र खवळला की या फेऱ्या रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवावा. मात्र लिपारीहून बोटीने जवळच्या स्ट्राँबोली बेटाला जाऊन रात्रीच्या अंधारात जागृत ज्वालामुखी पाहता येतो, तर इस्कियात भूगर्भाची धग गरम पाण्याच्या झऱ्यांतूनच जाणवते.

एकच दिवस असेल किंवा घरातली वडील मंडळी सोबत असतील, तर इस्किया निवडावे आणि सकाळी आधी लाक्को आमेनोचे संग्रहालय पाहून दुपारनंतर किल्ल्यावर जावे. तीन दिवस असतील आणि इतिहासाची खरी आवड असेल, तर माझे मत निःसंशय लिपारीच्या बाजूने आहे. तेथे दालनांचा क्रम लावताना प्रागैतिहासिक विभाग आधी घ्यावा. मुखवटे आधी पाहिले, तर काळ्या काचेच्या पात्यांकडे लक्ष देण्याइतका वेळ उरत नाही.