आठवड्याचे जादा तीन तास: ताकद, उड्या, दमसास की मनाची तयारी?

बारा ते सोळा वर्षांचा बास्केटबॉल खेळाडू, आठवड्याला संघाचे तीन सराव आणि एखादा सामना. त्याउपर तीन तास हाताशी आहेत. ते उड्या वाढवण्यात घालावेत, ताकदीत, धावण्यात, जादा शूटिंगमध्ये की मनाच्या तयारीत? सगळं थोडं थोडं केलं तर काहीच मुरत नाही, म्हणून निवड करावी लागते.

निवडीआधी एकूण ओझं मोजा. एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आणि यूएसए बास्केटबॉल (तिथली राष्ट्रीय संघटना) यांच्या मार्गदर्शक सूचना 12 ते 14 वयासाठी आठवड्याला जास्तीत जास्त दोन सामने, 60 ते 90 मिनिटांचे दोन ते चार सराव आणि किमान एक पूर्ण सुट्टी सांगतात. तुमचं मूल आधीच या मर्यादेवर असेल, तर तीन तास वाढवू नका. आहे त्याच सरावातला काही भाग बदला. तेरा वर्षांपुढे आठ ते दहा तास झोप लागते. ती कापून केलेला कोणताही व्यायाम तोट्यातच जातो.

उड्या की ताकद

उंच उडी सगळ्यांनाच हवी असते, म्हणून बहुतेक मुलं थेट बॉक्सवर उड्या मारायला लागतात. पण दुखापत होते ती उतरताना. जमिनीवर आदळताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पायांवर येतो. मांड्या आणि नितंब तो पेलू शकले नाहीत, की गुडघे एकमेकांकडे वळतात. वयात आल्यानंतर मुलींमध्ये गुडघ्याचा लिगामेंट (हाडं जोडून ठेवणारा पट्टा) फाटण्याचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे उतरण्याचा सराव त्यांच्यासाठी ऐच्छिक नाहीच.

दोन्हींतून निवडायचं कसं? 30 सेंटिमीटर उंचीच्या ठोकळ्यावरून खाली उतरायला सांगा आणि समोरून व्हिडिओ घ्या. पाच वेळा उतरताना दोनदा जरी गुडघे आत गेले किंवा उतरल्यावर तोल सावरायला पाऊल टाकावं लागलं, तर आधी ताकद. आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, 35 मिनिटं:

- बैठका, 8 चे 3 सेट, टाचा जमिनीवर टेकलेल्या
- एक पाय पुढे ठेवून लंज, प्रत्येक पायाने 8 चे 2 सेट
- पाठीवर झोपून कंबर उचलणं, 10 चे 2 सेट
- एका पायावर टाच उचलणं, 12 चे 2 सेट
- कुशीवरचा प्लँक (कोपर आणि पावलावर शरीर सरळ तोलून धरणं), प्रत्येक बाजूला 20 सेकंद
- छोटी उडी मारून आवाज न करता उतरणं आणि तीन सेकंद तसंच थांबणं, 5 चे 3 सेट

सहा ते आठ आठवड्यांनी उड्या सुरू करा: एका वेळी 40 ते 60, दोन सत्रांत 48 तासांचं अंतर. हा कार्यक्रम बिघडतो तो एकाच कारणाने. रिबाउंड (परतलेला चेंडू पकडणं), ले-अप (धावत जाऊन रिंगजवळून मारलेला शॉट), ब्लॉक (समोरच्याचा शॉट अडवणं) यांच्या उड्या कुणी मोजत नाही. सामन्याच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्या उड्या नकोत.

जन्मदाखल्यावरचं वय इथे फारसं कामाचं नाही. उंची महिन्यातून एकदा भिंतीला लावून मोजा. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची चौदाव्याच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढते, पण दोन मुलांत सहज दोन वर्षांचा फरक पडतो. या काळात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या उंचवट्यावर दुखायला लागतं. त्याला ऑस्गुड-श्लॅटर म्हणतात. तेव्हा उड्या निम्म्यावर आणा, बैठका सावकाश आणि वेदना होणार नाहीत इतक्याच खोल ठेवा. मूल लंगडू लागलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. वजन उचलल्याने उंची खुंटते ही भीती मात्र सोडून द्या. जाणकाराच्या नजरेखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामाने वाढ थांबत नाही. घोटाळा होतो तो ढब बसायच्या आत वजन वाढवल्याने.

धावणं की छोटे सामने

इथे फार विचार करायची गरज नाही. कोर्ट 28 मीटर लांब आणि हल्ल्याला 24 सेकंद. खेळ म्हणजे लहान लहान झेपा, थांबणं, वळणं. अर्ध्या कोर्टवर तीन विरुद्ध तीन, चार मिनिटांचे चार डाव, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. यात दम वाढतो आणि निर्णयही घ्यावे लागतात. लांब पल्ल्याचं धावणं मोठ्या सुट्टीनंतर पहिले दोन-तीन आठवडे ठीक आहे. छोट्या सामन्यांत एकच त्रुटी राहते: आळस करणारा लपू शकतो. त्यावर उपाय म्हणजे चेंडूला संघातल्या प्रत्येकाचा हात लागल्याशिवाय बास्केट धरायचं नाही.

एका जागेवरून शंभर की जागा बदलत पन्नास

एकाच जागेवरून शंभर शॉट मारले की त्या दिवशी हात छान बसतो. जागा, अंतर आणि पास बदलत मारलेले पन्नास त्या दिवशी वाईट दिसतात, पण जास्त टिकतात. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी 1979 मध्ये हाताच्या हालचालींवरच्या प्रयोगात हाच फरक दाखवला होता. म्हणून रोजच्या शूटिंगसाठी बदलता सराव निवडा. अपवाद एक: शॉटची ढब नव्याने घडत असेल, तर रिंगपासून दीड-दोन मीटरवर, एकाच जागेवरून. तीन गुणांच्या 6.75 मीटरच्या रेषेची घाई केली की अंगात जोर नसल्यामुळे कोपर बाहेर जातं, चेंडू छातीवरून ढकलला जातो, आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही.

मनाची तयारी: रूटीन, मनातला सराव की सावरण्याचा शब्द

सरावात दहातले आठ फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे बिनअडथळ्याचे शॉट) बसवणारा मुलगा सामन्यात दहातले पाचच बसवतो, तेव्हा पालक जादा शूटिंग मागतात. बहुतेक वेळा तिथे शूटिंग कमी पडलेलं नसतं. सरावात तो एकामागून एक पन्नास टाकतो; सामन्यात धापा टाकत येऊन दोनच टाकतो.

रूटीन, म्हणजे शॉटआधी दरवेळी करायच्या ठरलेल्या कृती, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर उपयोगी पडतं. चेंडू हातात आल्यावर पाच सेकंद मिळतात, म्हणून सगळं चार सेकंदांत बसवा: पाय जागेवर, एक लांब उच्छ्वास, दोनदा चेंडू आपटणं, रिंगच्या एकाच बिंदूवर साधारण सेकंदभर नजर आणि शॉट. संशोधक जोन विकर्स यांच्या 1996 च्या अभ्यासात तरबेज खेळाडूंची ही शेवटची नजर जास्त वेळ स्थिर राहत असल्याचं दिसलं. सराव असा: कोर्टच्या दोन फेऱ्या धावत, लगेच दोन फ्री थ्रो, पुन्हा दोन फेऱ्या, असं दहा वेळा. हे बिघडतं ते रूटीन लांबत गेल्याने, किंवा नेमकं त्याच वेळी बाहेरून कुणी 'कोपर आत!' ओरडल्याने. मुलाचं लक्ष कोपरावर गेलं की सवयीची हालचाल अडखळते.

मनातला सराव संथ असतो. पाच मिनिटं, उभं राहून, चेंडू हातात घेऊन, खऱ्या वेगाने आणि स्वतःच्या डोळ्यांतून प्रसंग पाहायचा. त्यात गोंगाट आणि चुकलेला शॉटही असू द्या. अंथरुणात पडून केला तर झोप लागते. दुखापतीमुळे कोर्टबाहेर बसलेल्या खेळाडूला हाच पहिला पर्याय द्यावा. बाकीच्यांना तो रूटीननंतर.

सावरण्याचा शब्द लागतो तो चेंडू हातचा गेल्यावर मान खाली घालणाऱ्याला. 'पुढचा' असा एक शब्द, एक टाळी आणि बचावाकडे धाव. सराव सामन्यातही तो वापरला नाही तर खऱ्या सामन्यात आठवत नाही. पण मूल आठवडेच्या आठवडे झोपत नसेल, सराव टाळत असेल, खेळाचं नाव काढलं की पोट दुखत असेल, तर हे तिन्ही उपाय बाजूला ठेवा. खेळाचा भार कमी करा आणि समुपदेशकाशी बोला.

तीन तासांची वाटणी

ठोकळ्यावरून उतरताना गुडघे आत जात असतील तर 70 मिनिटं ताकद, 40 छोटे सामने, 40 बदलतं शूटिंग, 30 मिनिटं दमलेल्या अवस्थेतले फ्री थ्रो. उंची झपाट्याने वाढत असेल तर हीच वाटणी ठेवा, फक्त छोट्या सामन्यांतली 20 मिनिटं काढून विश्रांतीला द्या. पंधरा-सोळाचा, ताकद बसलेला, पण सामन्यात गळणारा खेळाडू असेल, तर ताकदीला 35 मिनिटांचं एकच सत्र, सामन्यापासून दूरच्या दिवशी 20 मिनिटं उड्या आणि उरलेलं सगळं सामन्यासारख्या दडपणातल्या शूटिंगला. सहा आठवड्यांनी तोच व्हिडिओ पुन्हा घ्या, दोन-दोन करून टाकलेले 20 फ्री थ्रो मोजा आणि पुढची वाटणी त्या दोन नोंदींवरून ठरवा.