मार्चात घेतलं, ऑक्टोबरात काय उरलं

सामान असं: बाल्कांवासाठी (घराच्या दारापुढची बसायची ओसरी) वेताच्या दोन खुर्च्या, सहा उशांचे अभ्रे, एक टेबल-रनर, आठ कापडी नॅपकिन, हातकागदाची पत्रं-पाकिटं, एक चामडी वही, सरबताचा जार आणि ग्लास, ठोक्याच्या कामाचा तांब्याचा जग, करवंटीच्या वाट्या, हाताने रंगवलेल्या टाइल्सचे कोस्टर आणि एक सुरई. मार्चच्या पहिल्या आठवड्यात घेतलं, ऑक्टोबर संपेपर्यंत वापरलं. घर फोंडा तालुक्यातलं, चिरेबंदी, कौलारू, बाल्कांव पश्चिमेला. घराचं वर्णन एवढ्यासाठी की पणजीत दिवसभर एसी चालणाऱ्या फ्लॅटमध्ये यातल्या निम्म्या तक्रारी उद्भवणारच नाहीत.

अशा वस्तूंची परीक्षा दुकानात होत नाही आणि उन्हाळ्यातही होत नाही. गोव्यात जून ते सप्टेंबर सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. परत करायची मुदत असते सात-दहा दिवसांची. म्हणजे मार्चात घेतलेल्या वस्तूचा दोष जुलैत दिसतो, तोवर बिल सापडत नाही. घाई नसेल तर जुलैतच दुकानात जावं. तिथे महिनाभर पडून असलेला माल ज्या तब्येतीत दिसेल, त्याच तब्येतीत तो घरी राहणार.

वेताच्या खुर्च्या मुद्दाम दोन प्रकारच्या घेतल्या. एकीची बैठक चौकटीला भोकं पाडून हाताने विणलेली, दुसरीत तयार जाळी खाचेत दाबून बसवलेली. वरून दोन्ही सारख्या. खुर्ची उलटी केली की कळतं: खालच्या बाजूला बैठकीच्या कडेने भोकांची रांग दिसली तर हातविण, नाही दिसली तर तयार जाळी. दुकानदार दोन्हींना ‘अस्सल वेत’ म्हणतो आणि ते खोटंही नाही, वेत दोन्हींत अस्सलच असतो. फरक पडतो तो गोंदाने. तयार जाळी खाचेत वेताची पट्टी ठोकून, सुतारकामाचा पांढरा गोंद लावून धरलेली असते. हा गोंद सततच्या ओलीत मऊ पडतो. जुलैच्या शेवटी मागच्या कोपऱ्यात पट्टी वर आली आणि पंधरा दिवसांत चार बोटं जाळी सुटली. जुनी जाळी पुन्हा बसवता येत नाही, कारण तिच्या कडा खाचेबरोबर कापलेल्या असतात. नवा तुकडा कोमट पाण्यात अर्धा-पाऊण तास भिजवून, ओला असतानाच खाचेत ठोकावा लागतो, आणि या वेळी सुताराला ओलीत टिकणारा गोंद वापरायला बजावून सांगावं लागतं.

हातविणीची बैठक फक्त झोळ खाऊ लागली. त्याचा उपाय घरचाच. खुर्ची उलटी ठेवा, गरम पाण्यात बुडवून पिळलेला टॉवेल जाळीच्या खालच्या अंगावर अर्धा तास पसरा, मग सावलीत, वाऱ्यावर पूर्ण एक दिवस वाळू द्या. त्या दिवसात कुणीही बसायचं नाही. वाळताना वेत आखडतो आणि जाळी पुन्हा ताणली जाते. पाणी खालूनच द्यायचं, कारण वरचं अंग ही वेताची चकचकीत साल, ती पाणी पीत नाही. म्हणूनच ‘टिकाऊपणासाठी’ खालूनही व्हार्निश मारून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. एकदा तो थर बसला की हा उपाय कायमचा गेला. पायांशी पिठासारखी भुकटी आणि टाचणीएवढी भोकं दिसली तर मात्र तो किडा आहे. ती खुर्ची घरात घेऊच नका.

अभ्र्यांबद्दल. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्ज यांनी कुणबी साडीला पुन्हा उजेडात आणलं, त्यानंतर लाल-पांढऱ्या चौकटी उशांवर, रनरवर, पिशव्यांवर सगळीकडे आल्या. त्यातलं बरंच कापड यंत्रमागाचं असतं. हातमागावर कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांमुळे दोन्ही काठांना बारीक टोचे राहतात. पण काही यंत्रमागांवरही तसे टोचे पडतात, तेव्हा या एका खुणेवर जाऊ नका. विणीत अधूनमधून जाड-बारीक सूत आणि चौकटींच्या मापात किंचित कमीजास्तपणा, हेही जोडीला बघा. लाल रंग किती सोडतो ते दुकानातच कळतं: पांढरा रुमाल ओला करून लाल पट्टीवर दहा वेळा जोराने घासा. रुमाल फिका गुलाबी झाला तर दोन-तीन वेगळ्या धुण्यांत भागेल, लालभडक झाला तर तो अभ्रा पांढऱ्या सोफ्यावर नको. मीठ-व्हिनेगरमध्ये भिजवून रंग पक्का होतो हा समज मात्र सोडून द्या. त्याने न बसलेला रंग बसत नाही, धुऊनच काढावा लागतो.

आटण्याचा हिशेब खरेदीच्या वेळीच करायचा. आधी न धुतलेलं सुती कापड ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे १६ इंची अभ्रा दोन धुण्यांनंतर साडेपंधरा किंवा त्याहून थोडा कमी. चेन आटत नाही, त्यामुळे तिच्या कडेला चुण्या पडतात. आमच्या सहापैकी दोन अभ्र्यांना धातूची चेन होती. दोन्ही ऑगस्टमध्ये गंजल्या, आणि गंजाचा डाग सुतावरून साबणाने जात नाही. नायलॉनची चेन किंवा सरळ बटणं असलेलेच घ्या. आत कापूस भरलेली उशी पावसात गोळे धरते आणि तिला कुबट वास येतो. आत पॉलिएस्टर, बाहेर सूत, ही जोडी दिसायला कोणाला कळत नाही आणि चार महिने निभावते. नॅपकिन चांगले निघाले, त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही. ज्यूटचा गालिचा दुकानातूनच टाळला होता. या हवेत तो स्पंज आहे.

आता कागद, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथे होते. हातकागद घेताना लोक फाटके काठ आणि २०० ग्रॅमचं वजन बघतात. बघायची असते ती खळ, म्हणजे शाई पसरू नये म्हणून कागदाला दिलेला लेप. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. चांगली खळ दिलेल्या कागदावर तो मिनिटभर मण्यासारखा उभा राहतो. खळ कमी असेल तर चार-पाच सेकंदांत कागद त्याला पिऊन टाकतो, आणि अशा कागदावर शाईच्या पेनाने लिहिलं की अक्षराला मिशा फुटतात. मार्चमध्ये थेंब उभा राहिलेल्या कागदावरही ऑगस्टमध्ये शाई किंचित पसरत होती. दोष कागदाचा नव्हता. घरातला आर्द्रतेचा मीटर तेव्हा ८५ ते ९२ टक्के दाखवत होता, आणि साधारण ६५-७० टक्क्यांच्या वर कागदावर बुरशी धरायला वाव मिळतो. सुती लगद्याला आम्ल नसल्याने तो पिवळा पडत नाही, पण खळ पिष्टाची असेल तर बुरशीला तेच खाद्य.

पाकिटांचं तर हसू येतं. झाकणाला लावलेला डिंक ओलीने जागा होतो आणि कोरी पाकिटं आपोआप चिकटून बसतात. पंचवीसच्या गठ्ठ्यातली अकरा अशी गेली. वाफेवर धरून उघडली तर कागद लहरतो. झाकण आणि पोटाच्या मध्ये बटर पेपरची पट्टी घालून ठेवली की हे टळतं. त्याहून बरं म्हणजे झाकण खाचेत खोचायची, बिनडिंकाची पाकिटं घ्यावीत. लाखेचा शिक्का हौसेने मारणाऱ्यांनी लवचीक लाख मागावी. खरी कडक लाख पोस्टाच्या थैलीत तडकते आणि पत्र पोचेपर्यंत नुसता तांबडा चुरा उरतो. पत्ता साध्या रंगीत शाईने लिहू नका, पावसाच्या एका सरीत गाव आणि पिन कोड दोन्ही वाहून जातात. पिगमेंटची (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची) शाई टिकते, पण ती पेनात वाळली तर पेन जातं. दर दोन आठवड्यांनी साध्या पाण्याने पेन धुवावं. हे जमणार नसेल तर पत्त्यापुरतं बॉलपेन, त्यात कमीपणा काही नाही.

कागद ठेवायची पद्धत अशी बसवली: रबराची कड असलेला, चारही बाजूंनी क्लिप लागणारा १२ लिटरचा प्लास्टिक डबा, तळाशी कापडी पिशवीत २०० ग्रॅम सिलिका जेल, आत छोटा मीटर. काटा ५० ते ५५ मध्ये राहायला हवा. नारिंगी दाणे घ्या. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघराच्या ओव्हनमध्ये नको. दाणे हिरवट झाले की ताटलीत पसरून ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवायचे, बंद बरणीत गार करून परत ठेवायचे. डबा रोज उघडत असाल तर हे तीन आठवड्यांनी एकदा करावं लागतं. डबा चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, चिरा ओल धरतो. डांबराच्या गोळ्या टाकून काही होत नाही. त्या किड्यांसाठी असतात, बुरशीला त्यांचं सोयरसुतक नाही. टाचण्या आणि स्टेपल आधी काढा, गंज कागदात उतरतो. चामडी वही डब्याबाहेर राहिली आणि गणेश चतुर्थीच्या सुमारास तिच्यावर पांढरी साय आली. बाहेर वाऱ्यावर नेऊन कोरड्या फडक्याने पुसली, मग स्पिरिटचा हलका हात फिरवला. साय गेली, डाग राहिला.

पाहुणचाराच्या सामानात सगळ्यात देखणी आणि सगळ्यात घोटाळ्याची वस्तू तांब्याचा जग. तो साध्या पाण्यासाठीच. सोलांचं सरबत, सोलकढी, लिंबू, ताक यांतलं काहीही कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवायचं नाही. आम्लाने तांबं सुटतं, सरबताला कळकट चव येते आणि उलट्या-पोटदुखीला कारण मिळतं. बाहेरून चकाकणारे बरेचसे जग आतून कोरे असतात. बोट घालून बघा: आत तांबूस दिसलं तर कल्हई नाही, रुपेरी दिसलं तर आहे. कल्हई असली तरी भांडं रिकामं आचेवर ठेवू नका, कथील २३२ अंशांवर वितळतं. बाहेरच्या ठोक्यांवर चमक टिकावी म्हणून पारदर्शक लेप दिलेला असतो. जूनपासून मुठीजवळ तो सोलपटला आणि जग मांजरासारखा चट्ट्यापट्ट्याचा झाला. चिंचेने घासून लेप निघत नाही, फक्त उघडे पडलेले भाग उजळतात आणि चट्टे आणखी उठून दिसतात. सुरुवातीलाच लेप नसलेला घ्या आणि भिजवलेल्या सोलांच्या चोथ्याने घासा; घासण्यापुरतं ते आम्ल उपयोगीच.

सरबतासाठी बोरोसिलिकेट काचेचा दीड लिटरचा जार घेतला, तो बिनतक्रार चालला. मूठ वेगळी चिकटवलेली नसून काचेतच ओढलेली आहे ना, एवढं पाहायचं. ग्लास मात्र साध्या काचेचे. गरम पाण्याने धुऊन लगेच बर्फ घातला की तडकतात. आठातले दोन असेच गेले. हुर्राकाच्या (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूच्या) दिवसांत बर्फ जास्त लागतो, तेव्हा धुतलेले ग्लास आधी गार होऊ द्यावेत; जाड बुडाचे तर आणखी लवकर तडकतात.

सुरईकडून अपेक्षा बेताची ठेवावी. मातीचं भांडं पाणी गार करतं ते बाष्पीभवनाने, आणि आपल्या हवेत बाष्प आधीच भरलेलं. पुण्यात ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर पाणी २१ अंशांच्या आसपासपर्यंत उतरू शकतं. इथे ३३ अंश आणि ७० टक्क्यांना ती मर्यादा २८. प्रत्यक्षात याहूनही कमी गार होतं. दाराच्या वाऱ्यात, तिवईवर, चारही अंगांनी हवा लागेल अशी ठेवली तरच फरक जाणवतो. साबण लावू नका, छिद्रं बुजतात आणि पाण्याला वास राहतो. काथ्याने घासणं पुरे.

करवंटीच्या वाट्या घेताना डोळे बघा, अक्षरशः. नारळाच्या एका टोकाला तीन डोळे असतात आणि त्यातला एक मऊ. त्या अर्ध्या भागाची वाटी केली तर डोळा भुशाने आणि गोंदाने बुजवलेला असतो, गरम सोलकढीत तो सुटतो आणि टेबलावर गुलाबी थारोळं होतं. दुसऱ्या, बिनडोळ्यांच्या भागाची वाटी गळत नाही. बुडाला चिकटवलेली कडीही गरम पाण्याने निघते. कोमट पाण्यात चटकन धुवायचं, लगेच पुसायचं, महिन्याकाठी खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं. उन्हात वाळवली की चीर पडलीच.

टाइल्सच्या कोस्टरचं कौतुक करावं तेवढं थोडं, फक्त कोस्टर म्हणून नाही. पणजीच्या मिनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात १९३५ चे निळे अझुलेजो (पोर्तुगीज पद्धतीच्या रंगवलेल्या टाइल्स) आहेत, त्याच जातीचं हे काम, पण पृष्ठभाग काचेसारखा. ग्लासाला सुटलेलं पाणी त्यात मुरत नाही, तळं साचतं, ग्लास उचलला की थेंब मांडीवर. बूच लावलेली पाठ असेल तर गरम भांड्याखाली ठेवायला उत्तम. ग्लासाखाली बिनझिलईच्या मातीच्या चकत्या ठेवल्या, त्या स्वस्त आणि पाणी पितात. आठवड्याने एकदा चुलीच्या कडेला वाळवल्या की पुन्हा तयार. रंग झिलईच्या वर दिलेला आहे की खाली, ते नखाने कळतं: तिरप्या उजेडात रंगाची कड नखाला लागली तर वर आहे, आणि तो चोथा-घासणीने महिनाभरात फिका पडणार.

लांब मेणबत्त्या एप्रिलच्या दुपारी पश्चिमेच्या बाल्कांवात उभ्या ठेवू नका. वितळत नाहीत, पण माना टाकतात. पाहुणे यायच्या तासभर आधी फ्रिजच्या दारात ठेवून काढल्या की सुरुवातीला तरी ताठ उभ्या राहतात.