क्रिस कॉर्नेलचा ‘स्क्रीम’ : काही महिने ऐकल्यावर

रॉक गायक क्रिस कॉर्नेलच्या या अल्बमचं नाव काढलं की साउंडगार्डन आणि ऑडिओस्लेव्ह या त्याच्या रॉक बँड्सवर पोसलेली मंडळी कानावर हात ठेवतात. ज्यांना त्या दोन्ही बँडशी देणंघेणं नाही, ती म्हणतात, एवढं काय बिघडलंय, गाडीत लावायला झकास आहे. मी पहिल्या गोटातला. तरीही गेले काही महिने तो नेमानं ऐकतोय, कधी हेडफोनवर, कधी स्वयंपाक करताना स्पीकरवर.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉर्नेलनं 2007 मध्ये ऑडिओस्लेव्ह सोडला. मार्च 2009 मध्ये ‘स्क्रीम’ आला, तोही टिंबलँडच्या हातून, म्हणजे हिप-हॉप आणि आर अँड बीचा तेव्हाचा सगळ्यात चलनी निर्माता. कव्हरवर कॉर्नेल गिटार आपटतोय. यापेक्षा उघड चिथावणी काय द्यायची? नाइन इंच नेल्स या रॉक बँडच्या ट्रेंट रेझ्नरनं ट्विटरवर जाहीर टर उडवली. बिलबोर्डच्या अमेरिकी यादीत अल्बम दहाव्या क्रमांकावर लागला आणि लगेच घरंगळला. (पुढे 2014 मध्ये साउंडगार्डन आणि नाइन इंच नेल्स एकत्र दौऱ्यावर गेले. चाहते मात्र अजून भांडतायत.)

सगळा राग टिंबलँडच्या बीट्सवर निघतो. माझी बीट्सबद्दल तक्रार नाही. उलट काही ठिकाणी ठेकाच गाणं तोलून धरतो. तक्रार गळ्याबद्दल आहे. कॉर्नेल वरच्या सुरात गेला की आवाज आता फाटणार असं वाटतं, आणि तो फाटत नाही. ती धाकधूक हीच त्याच्या गाण्यातली मजा. इथे त्याच आवाजाचे थरावर थर चढवलेत, कडा घासून गुळगुळीत केल्यात. जोर आहे, पण धोका नाही. त्यात ध्रुवपदं इतक्यांदा फिरतात की ‘पार्ट ऑफ मी’मधली ती शिवी चौथ्या वेळी ऐकताना राग येत नाही, जांभई येते.

गिटार परत आणली असती तर जमलं असतं, असं म्हणणाऱ्यांनी ‘लाँग गॉन’ची रॉक आवृत्ती ऐकावी. तीच चाल, तेच शब्द, मागे दणदणीत गिटार. निघालं काय, तर रेडिओवर कुठेही खपेल असं सरधोपट रॉक गाणं. मला तरी अल्बममधलं मूळ रूपच बरं वाटतं. निदान ते दुसऱ्या कुणासारखं नाही.

आता ऐकायचं कसं, कारण इथे बरेच जण फसतात. गाणी एकमेकांत मिसळून जातात. एक संपायच्या आत मधला तुकडा पुढच्याला हात देतो. शफलवर लावलात तर गाणी मध्येच कापल्यासारखी वाटतात. ॲपमधला क्रॉसफेड (एक गाणं विरतानाच पुढचं सुरू करणारी सोय) बंद ठेवा, नाहीतर आधीच जोडलेल्या सांध्यावर दुसरा सांधा बसतो आणि ठेक्याची खिचडी होते. सलग तासभर काढता येत असेल तरच लावा. ‘टेक मी अलाइव्ह’च्या आसपास मी अजूनही कंटाळतो, पण ‘ग्राउंड झीरो’ आता मुद्दाम लावून ऐकतो. पहिल्या आठवड्यात हे गाणं मला पोकळ वाटलं होतं. त्याचा उघडा, पाय आपटल्यासारखा ठेका मोठ्या आवाजातच कळतो. फोनच्या स्पीकरवर त्यातलं काहीच हाती लागत नाही.

शेवटच्या ‘वॉच आउट’मागे ‘टू ड्रिंक मिनिमम’ नावाचं गाणं लपवलंय. साधा ब्लूज. थर नाहीत, चकचकीतपणा नाही, माणूस बसून गातोय. जुन्या चाहत्यांपैकी किती जण तिथवर टिकले असतील, देव जाणे. हे गाणं आधी ठेवलं असतं तर निम्मी भांडणं वाचली असती.

पाचपैकी तीन तारे, त्यातला अर्धा या लपवलेल्या गाण्याचा. कॉर्नेलशी ओळखच नसेल तर सुरुवात इथून करू नका. 1999 चा ‘युफोरिया मॉर्निंग’ घ्या, तोही बँड (साउंडगार्डन) फुटल्यानंतरचाच, पण गळा मोकळा आहे. आणि ऑडिओस्लेव्हच्या आशेनं ‘स्क्रीम’ लावणार असाल तर पैसे आणि डोकं दोन्ही वाचवा.