वासरकुप्पेवरील जुन्या ग्लायडरांचा मेळावा: पाहुण्यानेही दोर ओढण्याची तयारी ठेवावी

जर्मनीच्या हेसन राज्यातील ऱ्होन डोंगररांगेत वासरकुप्पे हे ९५० मीटर उंचीचे, माथ्यावर फारशी झाडे नसलेले शिखर आहे आणि इंजिनाविना उडण्याचा छंद असलेल्यांच्या लेखी त्याचे स्थान पंढरीचे आहे. लाकूड, प्लायवुड आणि कापड यांपासून बनवलेल्या जुन्या ग्लायडरांचे मालक उन्हाळ्यात येथे जमतात. अशाच एका मेळाव्याला मी पाहुणा म्हणून गेलो होतो. खुर्चीत बसून हवाई कसरती पाहण्याची ज्यांची अपेक्षा असेल त्यांनी येथे येऊ नये, हे आधीच सांगितलेले बरे. येथे आकाशात घडते त्याच्या कितीतरी पट अधिक जमिनीवर घडते, आणि त्यात पाहुण्यालाही हात लावावा लागतो.

हेच शिखर का, याचे उत्तर इतिहासात आहे. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या विमानबांधणीवर कडक निर्बंध आणले, तेव्हा एका नियतकालिकाचे संपादक ऑस्कर उर्सिनुस यांनी १९२० मध्ये तरुणांना येथे बोलावून इंजिनाविना उड्डाणाची स्पर्धा भरवली. दोनच वर्षांनी, ऑगस्ट १९२२ मध्ये, हॅनोवरच्या विद्यार्थ्यांच्या ‘व्हॅम्पायर’ या ग्लायडरने येथे प्रथम तासाभराहून अधिक आणि त्याच महिन्यात तीन तासांहून अधिक काळ हवेत राहून दाखवले. उतारावर आदळणारा वारा वर चढतो, आणि त्या चढत्या हवेत ग्लायडर तरंगत ठेवता येतो, एवढेच त्यामागचे तत्त्व होते. मात्र त्यासाठी असा मोकळा, वाऱ्याला सामोरा उतार हवा होता.

सकाळी ट्रेलर उघडतात तेव्हापासून पाहण्यासारखे सुरू होते. एकेक पंख बाहेर येतो, दोघे-तिघे तो हलकेच उचलतात, धडाशी जुळवतात, पिना बसवतात आणि मग मालक प्रत्येक जोड पुन्हा स्वतः तपासतो. मी जवळ उभा होतो म्हणून पंखाचे टोक माझ्या हाती देण्यात आले, आणि हलवू नका, एवढीच सूचना मिळाली. अनोळखी माणसावर इतका विश्वास टाकणारे यजमान मला इतरत्र क्वचितच भेटले आहेत.

मेळाव्याचा कळस म्हणजे रबरी दोराने होणारे उड्डाण. ‘एसजी ३८’ हे १९३८ सालचे शिकाऊ ग्लायडर उताराच्या कडेला ठेवतात. त्याला ना कॉकपिट ना काच, वैमानिक उघड्या फळीवरच्या आसनावर बसलेला असतो. नाकाशी असलेल्या आकड्यात कडी अडकवून रबरी दोराची दोन टोके इंग्रजी व्ही अक्षरासारखी पुढे नेतात, प्रत्येक टोकाला काही माणसे उभी राहतात आणि मागे शेपूट धरून ठेवलेले असते. मग ‘आउसत्सीएन’ म्हणजे ताणा, ‘लाउफेन’ म्हणजे पळा आणि ‘लोस’ म्हणजे सोडा, अशा तीन आज्ञा होतात. पहिल्या आज्ञेला आपण चालत दोर ताणतो, दुसरीला उतारावरून जीव खाऊन पळतो, आणि तिसरीला शेपूट सुटताच ग्लायडर डोक्यावरून निघून जाते व कडी आपोआप गळून पडते. उड्डाण फार वेळ टिकत नाही आणि नंतर ग्लायडर पुन्हा वर ओढून आणावे लागते, तरी रांगेत नंबर लावणारे कमी होत नाहीत.

याच ग्लायडरविषयी एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही. नाझी राजवटीत ग्लायडिंग ही लष्करी वैमानिक घडवण्याची पहिली पायरी होती, आणि असंख्य किशोरवयीन मुले अशाच उघड्या आसनावर बसून उडायला शिकली. युद्धानंतर दोस्त राष्ट्रांनी ग्लायडिंगवर घातलेली बंदी १९५१ पर्यंत उठली नव्हती आणि त्या काळात असंख्य ग्लायडर नष्ट झाले. मी विचारले तेव्हा वयस्क सभासदांनी हा विषय टाळला नाही, हे मला महत्त्वाचे वाटले.

दुपारच्या गप्पांचा मुख्य विषय सरस हा होता. जुन्या ग्लायडरांच्या फळ्या दुधातील केसीनपासून केलेल्या सरसाने चिकटवलेल्या असत. ओल लागली की तो कुजतो, आणि बाहेरून झळकणारे वार्निश आतल्या सुटलेल्या जोडाची काहीच कल्पना देत नाही. म्हणून हे लोक कापड फाडून आत पाहतात, फळ्या बदलतात आणि हिवाळेच्या हिवाळे त्यात घालवतात. मी पुण्याचा, हडपसरच्या केंद्रावर विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, वर जाणारे ग्लायडर पाहिलेला, असे कळताच एका गृहस्थांनी भारतीय ग्लायडरांबद्दल विचारले. एस. राममृतम यांनी आराखडा केलेले, शेजारी-शेजारी दोन आसनांचे ‘रोहिणी’ १९६१ मध्ये उडाले आणि अश्विनी, भरणी, मृगशीर्ष अशी नक्षत्रांची नावे आपल्याकडे ग्लायडरांना दिली गेली, हे त्यांनी वहीत टिपून घेतले.

पाहुण्यांना शुल्क भरून दोन आसनी ग्लायडरमधून उडता येते. मला ‘का ७’ हे रुडोल्फ कायझर यांच्या आराखड्याचे, पोलादी नळ्यांचे धड आणि लाकडी पंख असलेले ग्लायडर मिळाले. ते बनवणारा श्लायशर कारखाना याच डोंगराच्या पायथ्याशी, पोपेनहाउझेन येथे, १९२७ पासून आहे. दोराने ओढणारे विमान सुटल्यावर शांतता पसरते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात वारा फटींतून शिट्या घालतो आणि कापड थरथरते. आधुनिक फायबरच्या ग्लायडरमध्ये जो सफाईदारपणा असतो तो येथे नाही, आणि खर्च केलेले पैसे वसूल झाले असे मला वाटते ते नेमके त्यामुळेच.

सोयींबद्दल थोडक्यात. फुल्डापर्यंत रेल्वेने येऊन पुढे बस मिळते, पण संध्याकाळच्या फेऱ्या आधी पाहून ठेवाव्यात. सूचना जर्मन भाषेतच होतात. तरी विचारल्यास इंग्रजीत समजावून सांगणारे कोणी ना कोणी भेटते. शाकाहारी माणसाला केक आणि बटाट्याच्या सॅलडवर भागवावे लागते. लहान मुलांना आणायला हरकत नाही, मात्र धावपट्टीची शिस्त कडक आहे. ऑगस्टमध्येही जाड जाकीट आणि घोट्यापर्यंतचे बूट हवेत, कारण दोर ओढताना गवतावरून पाय घसरतो.

धुके उतरले की सर्व उड्डाणे थांबतात, आणि या उंचीवर ते कधीही उतरते. अशा वेळी माथ्यावरच असलेले, १९८७ मध्ये सुरू झालेले जर्मन ग्लायडिंग संग्रहालय गाठावे. छताला टांगलेली ग्लायडरे पाहण्यात अर्धा दिवस सहज जातो. उड्डाणाचे तिकीट मात्र सकाळी पोहोचताच घ्यावे, कारण हवा चांगली असली तर दुपारपर्यंत यादी भरलेली असते.