लेस-अप अँकल ब्रेस, सहा महिने वापरून

तिसऱ्यांदा तोच उजवा पाय मुरगळला तेव्हा हा ब्रेस, म्हणजे घोट्याला बांधायचा आधार, घेतला. कापडी, लेसवाला, वरून दोन पट्टे आठच्या आकड्यासारखे टाचेखालून फिरवून वेल्क्रोला चिकटवायचे. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, या टाइपचे सगळे ब्रेस साधारण सारखेच असतात आणि माझं भांडण बॉक्सवरच्या "मुरगळण्यापासून कायमची सुटका" या ओळीशी आहे.

आधी चांगलं सांगतो. घट्ट बांधला की पाय आत वळायला लागला तरी पट्टा ओढून धरतो, खडबडीत रस्त्यावर हे लगेच जाणवतं. जिन्यावरून उतरताना तर फारच. उतरतानाच का मुरगळतं हे मला डॉक्टरांनी प्लास्टिकचा सांगाडा हातात देऊन दाखवलं. घोट्याच्या खोबणीत बसणारं टॅलस नावाचं हाड पुढं रुंद आणि मागं अरुंद असतं, त्यामुळं पाऊल वर उचललं की ते पाचरीसारखं खोबणीत गच्च बसतं आणि पाऊल खाली झुकलं की अरुंद भाग खोबणीत येतो, मग सांधा ढिला. उंच टाचेचे चप्पल-बूट घालणाऱ्यांनी हे वाचून ठेवा, त्यात पाऊल सतत खाली झुकलेलंच असतं. दुसरं म्हणजे घोट्याच्या दोन्ही बाजूंना बोटं लावून बघा, बाहेरचं हाड आतल्यापेक्षा खाली उतरलेलं लागेल. म्हणजे बाहेरच्या बाजूला अडसर आहे, आतल्या बाजूला तेवढा नाही, म्हणून पाय बहुतेक वेळा आतच वळतो आणि बाहेरचं लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) ताणलं जातं.

ही रचना सगळ्यांचीच. मग मलाच सारखं का? तर माझ्या पायाची कमान उंच आणि टाच आतल्या बाजूला कललेली. साधा पुरावा घरातच होता, माझ्या जुन्या बुटांची टाच बाहेरच्या कडेनं पार झिजून तिरकी झालेली, आणि मी इतकी वर्षं बूट बनवणाऱ्याला शिव्या देत होतो! उभं राहून एक्सरे काढला (झोपून काढला तर भार नसल्यामुळं हा कल नीट कळत नाही), मग बाहेरची कड आणि टाच लाकडी ठोकळ्यावर आणि अंगठ्याची बाजू हवेत, असं उभं केलं तर टाच सरळ झाली. म्हणजे दोष पुढच्या पावलातून येतोय, टाच अजून लवचिक आहे. मग बाहेरची कड उचललेला आणि अंगठ्याच्या बुंध्याखाली खोलगट केलेला इनसोल (बुटाच्या आत घालायचा तळ) मिळाला आणि खरं सांगू, ब्रेसपेक्षा जास्त फरक त्यानंच पडला. ब्रेस वळणारा पाय अडवतो, पण पाय मुळात वळायच्या तयारीतच उभा असतो त्याचं तो काही करत नाही. डावी टाचही तशीच आहे म्हणे, पण तो पाय आजवर एकदाही मुरगळला नाही, त्यामुळं सगळं हाडावर ढकलायलाही नको. एका पायावर उभं राहायचा व्यायाम मात्र दोन्ही पायांनी चालूय.

"लचक आहे, जाईल आपोआप" म्हणून सोडू नका एवढं सांगतो. गुडघा वयानं झिजतो तसं घोट्याचं सहसा होत नाही, त्याची झीज बहुतेक जुन्या दुखापतीनंतरची असते. १९७६ च्या एका प्रयोगात टॅलस १ मिलीमीटर बाहेर सरकवलं तर सांध्यातला संपर्काचा भाग सरासरी ४२ टक्के कमी झाला होता. एक मिलीमीटर! म्हणजे भार तेवढाच आणि तो पेलायला जागा कमी.

आता तक्रारी. बूट अर्धा नंबर मोठा लागतो. घाम येतो. बाहेरच्या घोट्याच्या टोकावर शिवण घासून लाल वळ उठतो, आत मोजा घातल्याशिवाय वापरूच नका. आणि वेल्क्रोत मोज्याचा लोकर-भुगा अडकून तिसऱ्या महिन्यातच पकड गेली, मी जुन्या टूथब्रशनं घासून घासून काम चालवतोय. पाचपैकी साडेतीन स्टार, गेलेल्या दीडपैकी एक अख्खा स्टार त्या वेल्क्रोनं घालवला.