शटर ओढल्यावर काय: चालणं, प्रार्थना, चौक की मोबाइल?

खेड्यात किराणा असो, कृषी केंद्र असो की वेल्डिंगचं वर्कशॉप, उधारी कापसाचे चुकारे होईपर्यंत अडकलेलीच असते. त्यामुळे रात्री शटर ओढलं तरी डोकं गल्ल्यावरच राहतं. आधी दहा मिनिटं वही घ्या: आजची उधारी, उद्या मागवायचा माल, कोणाला फोन करायचा. हे कागदावर उतरलं नाही तर फिरणंही हिशेबातच जातं.

दिवसभर गिऱ्हाईकांशी बोलून थकलेल्या किराणावाल्याला चालणं बरं. अर्धा तास, एकट्यानं, फोन घरी ठेवून. सोबत नेला तर ठोक व्यापारी वाटेत गाठणारच. मे महिन्यात रात्री आठलाही डांबर तापलेलं असतं, तेव्हा पहाटे साडेपाचला निघा. पावसाळ्यात टॉर्च आणि बंद जोडे हवेत, साप असतात.

वर्कशॉपवाल्याचं उलटं आहे. ग्राइंडरच्या आवाजात दिवसभर एकटा राबणाऱ्याला माणसं हवीत. त्यानं गुरुदेव सेवा मंडळाची सायंकाळची सामुदायिक प्रार्थना धरावी. तुकडोजी महाराजांच्या विचारांची मंडळं विदर्भात अनेक गावांत आहेत आणि खर्च काहीच नाही. अडचण वेळेची: जूनमध्ये बियाण्यांच्या गर्दीत कृषी केंद्रवाल्याला ती साधत नाही.

पानठेल्यावरची बैठक मोकळी वाटते, पण उधारीवालेही तिथंच उभे असतात. शिवाय खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण. निकोटिन मेंदूला जागं ठेवतं, झोप लांबते; सुपारीनं तोंड आखडत जातं. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

दारूनं डोळा लवकर लागतो, पण दोन-तीनला जाग येते आणि छाती धडधडते. वर्ध्यात, गडचिरोलीत दारूबंदी आहे. चोरून मिळणाऱ्या बाटलीत काय असतं, तेही कळत नाही.

मोबाइल सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात फसवा, कारण रील पाहता पाहता गिऱ्हाईकाचा मेसेज त्याच पडद्यावर येतो. दुकानाचा नंबर वेगळ्या फोनवर ठेवून तो फोन दुकानातच सोडला, तरच याला विरंगुळा म्हणता येईल.

दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, घरात चिडचिड चालू असेल तर वरचं काहीही पुरणार नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच रात्री फोन लावा. कृषी केंद्रवाल्याच्या घरच्यांनी तेव्हा फवारणीच्या औषधांच्या खोलीची किल्ली आपल्याकडे घ्यावी, न विचारता.