वेंगुर्ल्यात रेकॉर्ड प्लेअर : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीच्या आधी टर्नटेबल घेतलं. त्यानंतर एक उन्हाळा गेला, आख्खा पावसाळा गेला, आता गणपतीही जाऊन झाले. या काळात मशीन साधारण 250 तास चाललं आहे. मशीन बेल्टवर चालणारं आणि मधल्या किमतीचं, मला 22,500 रुपयांना पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीतल्या मशीनची घडण जवळपास सारखीच असते आणि मला जे सांगायचंय ते त्यांतल्या कुठल्याही मशीनला लागू पडेल. मशीनबद्दल विचाराल तर चांगलं आहे, खुशाल घ्या. पण घेण्याआधी जे अनुभव मी वाचले ते सगळे कोरड्या हवेतल्या, एसी खोल्यांतल्या लोकांचे होते. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर, जांभ्याच्या भिंतीच्या घरात रेकॉर्डचं काय होतं हे कुणी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मशीन घ्यायचं कारण म्हणजे एक ट्रंक. माझे चुलत सासरे, घरात सगळे त्यांना आबा म्हणत, बोटीवर होते. बंदराला बोट लागली की लोक अत्तरं आणत, घड्याळं आणत, आबा जॅझच्या रेकॉर्डी आणत. त्यांच्यामागे 38 एलपी आणि मिनिटाला 78 फेऱ्यांनी फिरणाऱ्या दोन जुन्या तबकड्या माडीवरच्या लोखंडी ट्रंकेत पडून होत्या. ट्रंक उघडली तेव्हा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि पहिल्याच रेकॉर्डवर बुरशीची पांढरी फुलं दिसली.

आधी या बुरशीबद्दल. एलपी म्हणजे पीव्हीसी, ते पाणी पीत नाही. पाणी पितं ते आतलं कागदी पाकीट, आणि बुरशी तिथून रेकॉर्डवर चढते. त्यामुळे पहिलं काम केलं ते सगळी कागदी पाकिटं फेकून देण्याचं. त्याऐवजी पातळ पॉलिथिनची, अँटिस्टॅटिक पाकिटं आणली. धुण्यासाठी चार भाग डिस्टिल्ड वॉटर आणि एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल. मऊ ब्रश खोबणीच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही, आणि मधल्या लेबलवर थेंब पडू द्यायचा नाही. नंतर पुन्हा नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुवायचं. वाळवायला मी स्वयंपाकघरातलं जुनं ताटाळं घेतलं, त्याच्या सळ्यांना सुती चिंध्या गुंडाळल्या आणि रेकॉर्डी त्यात ताटांसारख्या उभ्या केल्या. एका दुपारी सहा होतात, त्याहून जास्त करायला जाऊ नका, हात घाई करायला लागतो. हे मिश्रण 78 च्या तबकडीला मात्र लावायचं नाही. ती लाखेची असते आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. त्या दोन मी ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरड्या केल्या.

जुलैत खोलीतला आर्द्रतामापक 90 दाखवत होता. सिलिका जेलच्या पुड्या दर चार दिवसांनी भट्टीत तापवून कंटाळले. शेवटी आमच्याकडे कपड्यांच्या कपाटात करतात तोच उपाय केला: सर्वांत खालच्या कप्प्यात 15 वॅटचा पिवळा बल्ब कायम चालू. रेकॉर्डी त्याच्या वर दोन कप्पे सोडून, उभ्या. कपाटातला आकडा 70 च्या आसपास आला आणि ऑगस्ट संपेपर्यंत नवी बुरशी दिसली नाही. बल्बच्या जवळ रेकॉर्ड ठेवू नका, उष्णतेने ती वाकते. त्याच कारणाने एप्रिल-मे महिन्यांत पार्सल मागवू नका. माझी एक नवी कोरी रेकॉर्ड उन्हात तापलेल्या गाडीतून आली ती पापडासारखी होऊन. पाठवणाऱ्याने परत घेतली नाही.

मशीन ठेवायचं कुठे हाही प्रश्न होता. आमची माडी लाकडी तक्तपोशीची. मुलगी जिन्यावरून धावत आली की सुई उडायची. वजनदार बैठक हवी म्हणून परसातला जांभ्याचा चिरा घासूनपुसून ठेवला. उडणं थांबलं, पण चार दिवसांत सगळीकडे तांबडी भुकटी, सुईच्या टोकावरसुद्धा. मग कडप्प्याची फरशी कापून आणली, तिच्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे दिले आणि सगळं भिंतीत ठोकलेल्या ब्रॅकेटवर चढवलं. आता मुलीने खुशाल उड्या माराव्यात.

उन्हाळ्यात स्पीकरमधून सतत घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. वायरमनने मशीनला हातसुद्धा लावला नाही, सरळ बाहेर जाऊन अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि दोन बादल्या पाणी ओतलं. जांभ्याची जमीन मेमध्ये इतकी कोरडी पडते की अर्थिंग नावालाच राहतं. घुमणं लगेच कमी झालं. खाऱ्या हवेने वायरींच्या पिनांवर हिरवट थर धरतो, तो महिन्यातून एकदा पुसते. एवढंच.

आता वेगाबद्दल. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे मी चांगलं मशीन हाताने बिघडवणार होते. आबांच्या ट्रंकेत ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ होती, 1970 च्या दशकात घेतलेली. मुलगी पेटी शिकते. पहिली बाजू लागली असताना ती पेटीवर स्वर शोधू लागली आणि म्हणाली, "आई, हे जुळत नाही. चढं आहे." मला वाटलं मशीन जोरात फिरतंय. वेग तपासायला स्ट्रोबची कागदी चकती छापून घेतली. विजेच्या दिव्याखाली ती फिरवायची, वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. बाहेरच्या ट्यूबलाइटखाली धरली तर रेघा भराभर पुढे पळत होत्या. मागच्या बाजूचा वेगाचा स्क्रू फिरवायला पेचकस हातात घेतला होता.

तेवढ्यात चकतीवरच्या रेघा मोजाव्यात असं सुचलं. 216 भरल्या. ही चकती अमेरिकेतल्या 60 हर्ट्‌झच्या विजेसाठी असते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्‌झची, चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा मिणमिणते, आणि मिनिटाला 33⅓ फेऱ्यांच्या एलपीसाठी त्या उजेडात 180 रेघांची चकती लागते. तशी छापून आणली. रेघा खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. इन्व्हर्टरवरच्या एलईडी बल्बखाली मात्र हे दिसत नाही, त्यासाठी जुनी ट्यूबच हवी.

मशीन बरोबर होतं, मग स्वर चढा कसा? दुसरी बाजू लावली. मुलीने पेटी धरली, आणि जुळली. तेव्हा उलगडा झाला. हे संगीत 1959 साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या 30 व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झालं, 2 मार्च आणि 22 एप्रिल. पहिल्या दिवशी तिथलं टेपचं यंत्र किंचित हळू चालत होतं. हळू भरलेली टेप योग्य वेगाने वाजवली की स्वर चढतो. त्या दिवसाच्या तिन्ही रचना पहिल्या बाजूवर आहेत, आणि ही चूक 1990 च्या दशकातल्या नव्या आवृत्त्यांत सुधारली गेली. म्हणजे आबांनी आयुष्यभर ती बाजू चढ्या सुरातच ऐकली. दहा वर्षांच्या मुलीच्या कानाने हे पकडलं याचा मला फार आनंद झाला. मी नवी आवृत्तीही घेतली आहे. दोन्ही लागोपाठ लावल्या तर जुनीत थोडी जास्त चमक वाटते, पण पेटी घेऊन बसायचं असेल तर नवीच.

सुईबद्दल. मशीनबरोबर आलेली सुई गोल टोकाची होती. बाजूच्या शेवटी शेवटी आवाज फाटल्यासारखा यायचा. याचं कारण साधं आहे: कडेच्या खोबणीत सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटर खोबण सरकते, लेबलपाशी जेमतेम 21. तेवढ्या लहान जागेत तोच आवाज दाटीवाटीने कोरलेला असतो. पहिल्या बाजूचा शेवट ‘ब्लू इन ग्रीन’चा, म्यूट (आवाज दाबणारं टोपण) लावलेला ट्रंपेट, अगदी केसासारखा स्वर, आणि तोच नेमका या पट्ट्यात येतो. पाचव्या महिन्यात लंबगोल टोकाची सुई घातली, सुईचा रेकॉर्डवरचा दाब वजनकाट्यावर मोजून 2 ग्रॅम लावला, आणि तो ट्रंपेट पहिल्यांदा नीट ऐकू आला. मशीनवर करायचा एकच खर्च असेल तर हाच करा.

ऐकण्याबद्दलही लिहायला हवं, कारण हे सगळं त्यासाठीच. जॅझ आपल्याला परकं आहे असं कुणी म्हटलं की मला पटत नाही. इथून गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर. चिक चॉकलेट म्हणून गाजलेले ट्रंपेटवादक आल्डोन्याचे. सी. रामचंद्रांच्या 1951 च्या ‘अलबेला’मधल्या गाण्यांत त्यांची साथ आहे, आणि ती गाणी आमच्या आज्यांनीही गुणगुणली. अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेक 1958 मध्ये मुंबईत वाजवून गेले. 1978 च्या पहिल्या जॅझ यात्रा महोत्सवात सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स आले होते, आबा तेव्हा सुट्टीवर होते आणि धोबीतलावच्या रंगभवनात जाऊन ऐकून आले. त्या रात्रीचं ते शेवटपर्यंत सांगत.

सासूबाई 74 वर्षांच्या. सुरुवातीला त्या खालीच बसायच्या. मे महिन्यात एका संध्याकाळी मी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची रेकॉर्ड लावली होती, त्या अडकित्ता घेऊन वर आल्या आणि सुपारी कातरत पूर्ण बाजू ऐकली. मग म्हणाल्या, "ह्यो मगासधरून एकाच पदार फिरता, पण एकदा म्हटल्यान ता परत म्हणणा नाय गो. आमच्या दशावतारातलो राजा असोच."

मला त्या क्षणी जे कळलं ते कुठल्याही लेखातून कळलं नव्हतं. दशावताराला लिहिलेले संवाद नसतात. आख्यान कुठलं ते आधी ठरतं, गोष्ट समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ असते, पण राजा आज काय बोलेल आणि राक्षस त्याला काय उत्तर देईल हे रंगमंचावरच घडतं. पेटीवाला आणि पखवाजवाला त्यांच्या तोंडाकडे बघून साथ धरतात. ‘काइंड ऑफ ब्लू’च्या वेळीही वादकांच्या हातात पूर्ण लिहिलेलं संगीत नव्हतं, स्वरांची नुसती रूपरेषा होती. जत्रेत पहाटेपर्यंत दशावतार बघितलेल्या माणसाला जॅझ समजावून सांगावं लागत नाही. तेव्हापासून सासूबाई रोज संध्याकाळी वर येतात, आणि ड्रम्सवाला मध्येच थांबला की "बघ, आता ह्यो त्येका वाट देता" म्हणतात.

मुंबई-पुण्यातल्या शौकीन मंडळींशी माझा एका मुद्द्यावर वाद आहे. त्यांना रेकॉर्डची पहिली छपाईच हवी असते. ट्रंकेतल्या ट्रंपेटवादक ली मॉर्गनच्या, ब्लू नोट या जॅझ कंपनीच्या रेकॉर्डवर मीही टॉर्च धरून शेवटच्या खोबणीपलीकडचा गुळगुळीत भाग बघितला आहे. तिथे ‘व्हॅन गेल्डर’ असा शिक्का आहे, म्हणजे रूडी व्हॅन गेल्डर यांनी स्वतः कोरलेल्या मूळ तबकडीवरून ती निघाली. हा माणूस 1959 पर्यंत दिवसा डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा आणि आईवडिलांच्या बैठकीच्या खोलीत जॅझ ध्वनिमुद्रित करायचा. त्या शिक्क्याशेजारी शौकीन लोक ज्याला ‘कान’ म्हणतात ती वळणदार खूण मात्र नाही. ती रेकॉर्डी छापणाऱ्या प्लास्टिलाइट कारखान्याची, आणि ब्लू नोट विकली गेल्यावर 1966 मध्ये बंद झाली. म्हणजे आमची त्यानंतरची. शोधायला मजा येते हे खरं. पण पन्नास-साठ हजार देऊन जुना पुठ्ठा कोकणच्या हवेत आणून ठेवणं हा त्या रेकॉर्डवर अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे. इथे राहणाऱ्याने नव्या, चांगल्या आवृत्त्या घ्याव्यात, अडीच-तीन हजारांत मिळतात, आणि रोज वाजवाव्यात. जुनी घ्यायचीच तर विकणाऱ्याला एकच विचारा: ‘व्हीजी प्लस’ (म्हणजे खूपच चांगल्या स्थितीतली) हा दर्जा बघून ठरवला की वाजवून? मी हे न विचारता एक घेतली. दिसायला आरसा होती, पण दुसऱ्या बाजूला पहिली पाच मिनिटं नुसती करकर.

लंबगोल सुईचं आयुष्य 300 तासांच्या आसपास धरतात. ती बसवल्यापासून मी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तासांच्या रेघा मारते, काल 140 झाले. या हिशेबाने ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकेल. तरी दुसरी आत्ताच मागवून ठेवली आहे, कारण जूनमध्ये घाट बंद पडला की पार्सल कधी येईल याचा भरवसा नाही, आणि सासूबाईंनी पावसाळ्यासाठी रोलिन्स राखून ठेवायला सांगितलाय.